खाली, एंटर

“पडदाच नाही म्हणतीस, मग चित्रं काढायचं कार्ड कामून घेतलीस?”

आप्पांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर उघडं कॅबिनेट आणि मांडीवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सेकंडहॅण्ड ग्राफिक्स कार्ड. एकोणीस हजारांचं. आप्पांना मी आकडा बारा सांगितला होता. (तुम्हीही घरी आकडे कमीच सांगता, मला माहितेय.)

“वरातीमागून घोडं ऐकलं होतं,” आप्पा म्हणाले, “हे तर बिनवरातीचंच घोडं.”

प्रश्न मात्र अगदी रास्त होता. ग्राफिक्स कार्ड जन्माला आलं ते पडद्यासाठीच. गेममधल्या लाखो ठिपक्यांचे रंग क्षणात ठरवायचे तर एक हुशार साहेब कामाचा नाही. साधे बेरीज-गुणाकार येणारे हजारो कारकून एकदम कामाला बसवावे लागतात. माझ्या कार्डात, म्हणजे आरटीएक्स ३०६० मध्ये, असे ३५८४ कारकून आहेत. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ आणलं आणि या कारकुनांना ठिपके सोडून दुसरीही गणितं सांगता येऊ लागली. मग २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी गेमिंगची दोन साधी कार्डं वापरून फोटोतल्या वस्तू ओळखणारं ‘ॲलेक्सनेट’ तयार केलं, स्पर्धा जिंकली, आणि सगळा धंदाच फिरला. आज कित्येक ग्राफिक्स कार्डांनी आयुष्यात मॉनिटरचं तोंड पाहिलेलं नसतं. अशा मशीनला आमच्यात ‘हेडलेस’ म्हणतात. मुंडकं नसलेलं!

“साडेतीन हजार कारकून,” आप्पांनी हिशेब केला. “अन् पगार?”

“वीजबिल.”

“ते कोण भरणार?”

इथे मी विषय बदलला.

खरं सांगायचं तर माझ्याकडे तेव्हा स्वतःचाच पगार नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या माझ्या कंपनीने एका सकाळी अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आम्हा काही जणांना ‘थँक यू’ म्हटलं. दोन महिन्यांचा पगार हातात, लॅपटॉप परत, संपलं. मी आवाजावर काम करते. म्हणजे माणूस बोलतो ते मशीनने ऐकून लिहावं, त्या कामावर. नोकरी शोधायची तर हातात दाखवायला काहीतरी हवं, आणि ते करायला कार्ड हवं. फुकट मिळणारी ऑनलाइन मशीन्स मध्येच तुटतात, भाड्याची तासावर पैसे खातात. मग हिय्या करून स्वतःचंच मशीन जोडायचं ठरवलं. पण कर्वेनगरच्या पीजीत चार मुलींत एक सबमीटर. काकूंनी ६५० वॅटचा पॉवर सप्लाय नुसता पाहिला आणि म्हणाल्या, “हे इथे नको हं.” तर हे मुंडकं नसलेलं बाळ थेट उमरीला माहेरी.

आता उमरी कुठे, हे पुण्यात मला प्रत्येकाला सांगावं लागतं. नांदेडहून मुदखेडमार्गे धर्माबादकडे निघालात की मध्ये लागतं ते. रेल्वे स्टेशन, मोंढा, तालुक्याची कचेरी. गावाच्या नावावर एक मात्र जबरदस्त गोष्ट आहे. निजामाच्या राजवटीत, ३० जानेवारी १९४८ ला, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लढवय्यांनी उमरीतली हैदराबाद स्टेट बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पाहुणा आला की चहाआधी ही गोष्ट होते. माझे निम्मे पासवर्ड याच तारखेवरून बनलेले आहेत, आणि पुढे तेच नडलं.

आप्पांच्या इन्स्टिट्यूटला एकेकाळी बारा मशीन होती. रेमिंग्टन, गोदरेज. पहाटे सहापासून एकेक तासाच्या बॅचेस, आणि समोरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये इतकी खडखड. तीस, मग चाळीस शब्द प्रतिमिनिट. कित्येक पोरं-पोरी त्या खोलीतून कोर्टात, झेडपीत, तहसीलला लागल्या. आप्पांचा नियम एकच. बोटांकडे बघायचं नाही. बघणाऱ्याच्या हातांवर ते वर्तमानपत्र अंथरायचे आणि खाली बोटं चालवायला लावायचे. मग हाताच्या मशीनवरच्या सरकारी परीक्षा बंद होऊन संगणकावरच्या आल्या, आणि आप्पांनी शटर ओढलं. आई २०२१ मध्ये गेली. आता आप्पा एकटे, घर गल्लीच्या या टोकाला, इन्स्टिट्यूट त्या टोकाला. दोन गोदरेज अजून तिथे झाकून ठेवलीयत. इन्व्हर्टर आहे, फायबरचं कनेक्शन आहे. मशीनला आणखी काय हवं?

एप्रिलमध्ये चार दिवस जाऊन मी सगळं जुळवलं. घरातल्या टीव्हीला मशीन जोडून, आयपीएल बंद केल्याबद्दल आप्पांची बोलणी खाऊन, उबंटू टाकलं. वीज जाऊन आली की मशीन आपोआप चालू व्हावं, ही बायोसमधली सेटिंग केली. (मराठवाड्यात ही पहिली करायची, बाकी सगळं नंतर.) पुण्यातून थेट मशीनपर्यंत पोचायला टेलस्केलचा खासगी बोगदा खणला. शेजारच्या पोराच्या मदतीने खोकं इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन ठेवलं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तेवढा राहिला, कारण नांदेडहून ट्रॅव्हल्स सुटायची वेळ झाली होती.

“राहिलं काही?” आप्पांनी विचारलं.

“ड्रायव्हर टाकायचाय फक्त. पुण्यातून टाकीन, अर्ध्या तासाचं काम.”

अर्ध्या तासाचं काम!

मे महिन्यात बंगळुरूच्या एका कंपनीने मला टेस्ट दिली. कुठल्याही एका बोलीवर आवाजाचं मॉडेल सुधारून दाखवा, सोमवारी सकाळी दहापर्यंत. मी खूश. माझ्याकडे उमरीच्या बोलण्याची सहा तासांची रेकॉर्डिंग्ज होती, गावातल्या काकू-मावश्यांना बोलतं करून जमवलेली. आपण ‘काय करायलीस’ म्हणालो की तयार मॉडेल ‘काय कराय लिस्ट’ असं लिहायचं. ते मला सुधारायचं होतं. चार दिवस मी सगळी वाक्यं कानात प्राण आणून ऐकली, लिहिली, तपासली. रविवारी संध्याकाळी म्हटलं, चला, ड्रायव्हर टाकू आणि रात्री मॉडेल शिकायला बसवू. सहा तास लागतील. दोन वाजता सुरू केलं तरी आठला तयार.

लिनक्सवर एनव्हिडियाचं कार्ड चालवणं हा एक जुना तमाशा आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात, भर सभेत, कॅमेऱ्याकडे बघत या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ निवळली. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुलाही केला. पण दोन ड्रायव्हरांचं भांडण राहतंच. लिनक्ससोबत ‘नूवो’ नावाचा एक स्वयंसेवकांनी बनवलेला ड्रायव्हर येतो. बिचारा पडदा दाखवण्यापुरता चांगला आहे, पण कुडाचं काम त्याला येत नाही. कार्डाचा ताबा मात्र तो आधी घेऊन बसतो. म्हणून त्याला काळ्या यादीत टाका, सुरुवातीची फाइल नव्याने बांधा, कंपनीचा ड्रायव्हर टाका, रीबूट करा.

मी हे सगळं कॉलेजच्या वेळच्या माझ्या जुन्या नोट्स बघून केलं. चूक तिथेच झाली, पण ते नंतर कळलं. मध्ये एक जांभळी चौकट आली, पासवर्ड ठरवा म्हणाली. मी सवयीने ‘उमरी-ॲट-१९४८’ असा इंग्रजीत ठोकला आणि पुढे गेले. काय विचारतंय हे वाचलंसुद्धा नाही. तुम्ही वाचता?

हेडलेस मशीन रीबूट करणं म्हणजे रात्रीच्या वेळी एसटीची वाट बघणं. आलं तर आलं. तुम्ही पिंग पाठवत बसायचं आणि उत्तर येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. उत्तर आलं! लॉगिन झालं! कार्डाची तब्येत सांगणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड दिली. आणि ती म्हणाली, ड्रायव्हरशी बोलणं होऊ शकत नाही.

आठ वाजले होते. काढला, पुन्हा टाकला. रीबूट. तेच. आवृत्ती बदलली. रीबूट. तेच. नऊ, दहा. पीजीत सगळ्या जेवून झोपायला गेल्या. अकराला मी शेवटी शहाण्यासारखं वागले आणि ड्रायव्हर हाताने चढवून पाहिला. मशीनने एका ओळीत सांगितलं, की किल्ली नाकारली आहे.

कसली किल्ली?

मग वाचायला लागले आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. हल्लीच्या मशीनमध्ये ‘सिक्युअर बूट’ नावाचा वॉचमन असतो. मशीन सुरू होताना जो कोणी गाभ्यात शिरेल त्याच्याकडे ओळखीची सही हवी. माझ्या नोट्समधल्या पद्धतीने ड्रायव्हर माझ्याच मशीनवर बांधला जातो, त्यामुळे त्यावर सहीसुद्धा माझ्याच मशीनच्या किल्लीची. ही किल्ली वॉचमनच्या ओळखीची नाही. ती ओळख करून द्यायची तर ‘मशीन ओनर की’, म्हणजे मालकाची किल्ली, नोंदवावी लागते. आणि ती लांबून नोंदवता येतच नाही. मुद्दामच! नाहीतर कोणीही चोर इंटरनेटवरून येऊन आपली किल्ली नोंदवेल. म्हणून रीबूटनंतर, लिनक्स सुरू व्हायच्या आधी, एक निळा पडदा येतो. ‘किल्ली नोंदवायची असेल तर कुठलंही बटण दाबा.’ दहा सेकंद थांबतो. कोणी दाबलं नाही, तर मालक घरी नाही असं समजून पुढे निघून जातो.

म्हणजे मी प्रत्येक रीबूट करत होते तेव्हा उमरीत, कुलूपबंद खोलीत, दोन झाकलेल्या गोदरेजसमोर, नसलेल्या मॉनिटरवर तो निळा पडदा येऊन दहा सेकंद हाका मारून परत जात होता. संध्याकाळपासून चार वेळा.

पावणेबाराला मी आप्पांना फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला.

“झोपला होता?”

“नाही गं माय. पडलो होतो नुसता. काय झालं?”

म्हटलं, एक कीबोर्ड लागेल आणि टीव्ही. टीव्ही भिंतीवर ठोकलेला. मशीन उचलून घरी आणता येईल का, असं मी विचारणार तेवढ्यात आप्पाच म्हणाले, “खोकं काही मला हलवायचं नाही आता. दुसरं सांग.” मॉनिटर? इन्स्टिट्यूटच्या कपाटात एक जुना निघाला असता, पण तो व्हीजीएचा. माझ्या कार्डाला व्हीजीएचं तोंडच नाही. कीबोर्ड मात्र होता. झेरॉक्सवाल्याने कधीतरी दिलेला, यूएसबीचा. शेजारच्या पोराला उठवू का म्हटलं तर, “रात्री बाराला? नको. मीच जायलोय.”

फोनवर मला गल्ली ऐकू येत होती. चपला, एक कुत्रं, शटर. मग दिव्याच्या बटणाचा आवाज.

“कीबोर्ड लावलाय. आता?”

“कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो का बघा.”

“लागला वाटतं. नीट दिसंना.”

“चष्मा लावा की.”

“चष्मा चालत नाही सध्या. डोळ्यावर झाकण आहे.”

“कसलं झाकण?”

आप्पा गप्प. मग एकदम घाईघाईने, “ते मोतीबिंदूचं करून घेतलं बुधवारी. नांदेडला. काही नाही, अर्ध्या तासाचं काम. झोपताना ते प्लॅस्टिकचं झाकण चिकटवा म्हणलेत, हात लागू नये म्हणून. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. बाकी सगळं बरं हाय.”

“संगं कोण होतं?”

“शेजारचे काका आले होते.”

बुधवारी मी काय करत होते? वाक्यं ऐकत होते. बुधवारी संध्याकाळी आप्पांचा फोन आला होता आणि मी ‘कामात आहे, नंतर करते’ म्हणाले होते. नंतर केला नव्हता. सहा तास मी गावच्या मावश्यांचा एकेक श्वास ऐकला, आणि बापाचा एक फोन नाही.

“आप्पा, राहू द्या. घरी जा. उद्या बघू.”

“उद्या दहाला द्यायचंय ना तुला?”

“असू दे.”

“मी इथवर आलोय अंधारात. आता सांग फुडं. काय दाबू?”

बरं, त्या निळ्या पडद्याचं एक बरं आहे. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. मी व्हिडिओ थांबवून-थांबवून वहीत उतरवून घेतल्या. पहिल्या यादीत दुसऱ्या ओळीवर किल्ली नोंदवणे. खाली, एंटर. मग किल्ली बघायची की पुढे जायचं? खाली, एंटर. नोंदवू का, नाही की हो? खाली, एंटर. मग पासवर्ड, एंटर. शेवटी रीबूट, एंटर. न बघता करता येईल. पण निळा पडदा नेमका कधी येतो हे न बघता कसं कळणार? त्यावर तोडगा असा, की मशीन सुरू झाल्यापासून वरचा बाण दाबत राहायचा. पडदा आला की त्यातल्या एका दाबाने यादी उघडते, आणि आपण आधीच सगळ्यात वरच्या ओळीवर असल्याने पुढच्या ‘वर’ दाबांनी काही बिघडत नाही.

“वरचा बाण, सेकंदाला एक, चाळीस वेळा. मग पाच सेकंद थांबायचं. मग खाली-एंटर, खाली-एंटर, खाली-एंटर. प्रत्येकामध्ये एक श्वास.”

“ताल कळला,” आप्पा म्हणाले. “पासवर्ड?”

मी पुण्यातून पुन्हा किल्लीची विनंती टाकली, पासवर्ड सवयीचाच, आणि रीबूट केलं. फोनवर कीबोर्डची टिकटिक. आप्पा मोजत होते, मोठ्याने, अगदी बॅच घेतल्यासारखे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. शांतता. खाली, एंटर. खाली, एंटर. खाली, एंटर. मग पासवर्ड, मी एकेक अक्षर सांगितलं. एंटर. एंटर.

पिंग. उत्तर नाही. एक मिनिट, दोन, पाच. मशीन कुठेतरी मध्येच अडकलं होतं. कुठल्या पडद्यावर, कोण जाणे.

“आप्पा, ॲट कुठे दाबलंत?”

“जिथं असतं तिथं.”

झालं! त्यांच्या जुन्या मशीनवर दोनच्या डोक्यावर अवतरणचिन्ह असतं, ॲट दुसऱ्याच बटणावर. बोटं चाळीस वर्षांच्या सवयीने तिथेच गेली होती. चूक त्यांची नाही, माझी. मी नुसतं ‘ॲट’ म्हणाले होते, शिफ्ट-दोन म्हणायला हवं होतं. आणि मुळात एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकलेला अशा माणसाला असला पासवर्ड देणारी मी कोण शहाणी!

“आप्पा, पॉवरचं बटण दाबून धरा, बंद होईपर्यंत. पुन्हा चालू करा आणि कीबोर्डला हात लावू नका.” मशीन आलं. मी आत शिरले. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुन्हा विनंती टाकायची होती, नवा पासवर्ड हवा होता. असा, की जो आप्पांच्या बोटांना जुन्या आणि नव्या दोन्ही कीबोर्डवर एकाच जागी सापडेल.

“आप्पा, पोरांना पहिला धडा कुठला द्यायचात?”

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग हसले. फोनवर मला त्यांचं हसणं कित्येक महिन्यांनी ऐकू आलं. “ए एस डी एफ जी एफ. सेमीकोलन एल के जे एच जे.”

“तोच पासवर्ड. सगळी लहान अक्षरं, मध्ये स्पेस नाही.”

“मग सांगू नको एकेक अक्षर. मध्ये बोलू नको.”

रीबूट. चाळीस वेळा वर. शांतता. खाली-एंटर, खाली-एंटर, खाली-एंटर. आणि मग तो आवाज, एका दमात, बारा बटणं, एकसारखी, ना एक हळू ना एक जोरात. त्या खोलीत मी शाळेतून येऊन गृहपाठ करायचे, तेव्हा बारा मशीनांच्या गदारोळातसुद्धा आप्पांचं मशीन ओळखू यायचं. एंटर. एंटर.

मी पिंग पाठवत होते. दोघंही काही बोललो नाही. उमरीहून एक मालगाडी जाताना ऐकू आली, बराच वेळ.

उत्तर आलं. लॉगिन. एनव्हिडिया-एसएमआय. आणि काळ्या पडद्यावर ती चौकट उमटली. कार्डाचं नाव, तापमान ४१, मेमरी १२ जीबी, चालू काम शून्य. मी जोरात ओरडले असावे, कारण शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली.

“झालं?” आप्पा.

“झालं!”

“मग मी शटर ओढू?”

“ओढा. हळू जा. आणि पोचल्यावर फोन करा.” हे वाक्य आजवर नेहमी ते मला म्हणत आले होते.

ते पोचले, फोन केला. मी पावणेदोनला मॉडेल शिकायला बसवलं. साडेसातला झालं. ‘काय करायलीस’ त्याने बरोबर लिहिलं. ‘कामून’ मात्र तीनातून एकदा ‘कमी ऊन’ लिहीतच राहिलं, नांदेडच्या मे महिन्यात हा विनोदच म्हणायचा. पावणेदहाला सगळं पाठवलं, आंघोळ केली आणि ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. मंगळवारी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात आप्पांची तपासणी होती. ती तारीख मला आधी माहीतच नव्हती. डॉक्टरांनी डोळा बघितला, छान आहे म्हणाले, ड्रॉप्स चालू ठेवा, जागरण करू नका. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

ती नोकरी मिळाली का? नाही. दुसरा राउंड झाला आणि मग त्यांनी पद गोठवलं. ऑगस्टमध्ये दुसरीकडे मिळाली, घरून काम करता येईल अशी, त्यामुळे आता महिन्यातले दहा दिवस मी उमरीत असते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये केलं. संगं मी होते.

आता तुमच्यापैकी कोणी हा उद्योग करणार असेल तर एक सांगून ठेवते. त्या रात्रीचं सगळं टाळता आलं असतं. उबंटूच्या भांडारात ड्रायव्हरची आधीच बांधलेली आणि उबंटूच्याच किल्लीने सही केलेली पॅकेजेस असतात. ती टाकली की वॉचमन ओळखतो, निळा पडदा येत नाही, कोणालाही उठवावं लागत नाही. माझ्या जुन्या नोट्समध्ये ते नव्हतं. किंवा मग टीव्ही समोर असतानाच ड्रायव्हर टाका, ट्रॅव्हल्स चुकली तरी चालेल. हे मला मंगळवारी रात्री उमरीत बसून वाचताना कळलं. आप्पा शेजारीच होते. मी त्यांना सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलेली नाही. तो पासवर्ड एकदाच वापरायचा असतो. किल्ली नोंदली गेली की त्याचं काम संपतं, पुन्हा कोणी विचारत नाही. पण आप्पा समजतात की मशीनची किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. परवा झेरॉक्सवाल्याने विचारलं, “सर, ते खोकं लॉक होतं का हो?” तर म्हणाले, “होतं की. पासवर्ड मलाच ठाऊक आहे. पोरीला विचारलंस तरी तिला येणार नाही, बोटं बसलेली नाहीत तिची.”